एक पातेल्यात, एक पेल्यात

रविवारच्या जेवणाच्या बाबतीत त्या दोघी बहिणी कुणाच्या बापाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. शनिवारी संध्याकाळी कामावरून येताना थोरली कोपऱ्यावरच्या दुकानात शिरायची, सगळ्यात खालच्या फळीपाशी गुडघे मोडून बसायची आणि रेड वाइनच्या दोन बाटल्या उचलायची. दोन्ही एकाच लेबलाच्या. कधी लेबलावर कोंबडा असे, कधी जहाज, कधी नुसतीच वेडीवाकडी अक्षरं. वरच्या फळ्यांकडे तिनं उभ्या जन्मात मान वर करून पाहिलं नव्हतं. "महागाची बाटली आणली की माणूस तिच्याच तोंडाकडे बघत बसतो," ती म्हणायची, "जेवणाकडे लक्ष राहत नाही." यात खोटं काही नाही.

आता दोन बाटल्या कशाला? तर एक पातेल्यात, एक पेल्यात. हा नियम धाकटीचा. पातेल्यात ओतायला वेगळी, हलकी, उरलीसुरली वाइन वापरणाऱ्यांचा तिला मनापासून राग यायचा. "जी प्यायला नको वाटते ती जेवणात घालून काय तिचं अमृत होणार आहे? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" असं ती दर चार रविवारांनी एकदा तरी ऐकवायची, आणि थोरली दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलवायची.

थोरली एकोणसाठची, धाकटी बावन्नची. थोरली चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळायचा. धाकटी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण. आठवड्याचे सहा दिवस दोनशे माणसांसाठी बिनतिखटाचं, कमी मिठाचं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं शिजवायचं. तिच्यासारख्या बाईला ही शिक्षाच होती. त्यामुळे रविवार उजाडला की तिच्या हातात बारा हत्तींचं बळ यायचं. सकाळी नऊला जाड बुडाचं लोखंडी पातेलं शेगडीवर चढायचं. हाडासकट मटणाचे मोठे तुकडे आधी नीट तांबूस व्हायचे, मग कांदे, गाजरं, लसूण, रात्रभर भिजवलेला पांढरा घेवडा, आणि वर गळ्यापर्यंत वाइन. मग झाकण, मंद आच, आणि तीन तास कुणी काही बोलायचं नाही.

टेबलावरची बाटली बाराला उघडायची. ते थोरलीचं काम. एक घोट घेऊन ती निकाल द्यायची. "ही जरा दांडगट आहे. तासभर उघडी ठेव, आपोआप सरळ येईल." किंवा, "ही पहिल्या घोटाला गोड बोलते नि मग काहीच बोलत नाही. असू दे, मटण बोलेल." जाड काचेचे दोन पेले होते, पाणी प्यायचे असतात तसले. बाटली संपत आली की तळाचा बोटभर घोट मात्र प्यायचा नाही, तो ओट्यावरच्या चिनी मातीच्या बरणीत टाकायचा. त्या बरणीत गेल्या दहा वर्षांतल्या सगळ्या बाटल्यांचे तळ एकत्र नांदत होते आणि त्यांचं असं काही जहाल व्हिनेगर झालं होतं की झाकण उघडलं की डोळ्यांत पाणीच यायचं. चमचाभर पुरे व्हायचं.

मधली दोन वर्षं सोडली तर दोघी कायम एकत्र राहिल्या. त्या दोन वर्षांत धाकटीचं लग्न झालं आणि मोडलं. नवरा वाईट नव्हता, नुसता घरी नसायचा. एक दिवस ती बॅग घेऊन परत आली. थोरलीनं दार उघडलं, बॅगेकडे पाहिलं, आणि "जेवलीस का?" एवढंच विचारलं. त्याला आता चोवीस वर्षं झाली होती. तेव्हापासूनचे रविवार मोजले तर हजाराच्या वर जातील.

आणि अशा या घरात लिफ्टवाल्याचा प्रवेश झाला. इमारतीला लिफ्ट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा, पण आला तो चष्म्याच्या दुकानातून. वय एकसष्ट, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मान वर करून दोऱ्या नि चाकं बघायची आणि मान खाली करून बारीक स्क्रू पिळायचे, त्यामुळे त्याला दोन नंबरांचा चष्मा लागायचा आणि तो काही केल्या जमायचा नाही. थोरलीनं त्याची भिंगं दोनदा घासून दिली. चष्मा जमला. तरी तो येतच राहिला. एकदा नाकावरचं बटण टोचतं म्हणून, एकदा कानामागे सैल वाटतं म्हणून.

"एका नाकासाठी चार खेपा?" धाकटी म्हणाली. "ताई, तो चष्म्यासाठी येत नाहीये."

"माहीत आहे," थोरली म्हणाली, आणि पेल्यात बघत हसली. धाकटीनं आपला पेला खाली ठेवला. इतक्या वर्षांत तसं हसू तिनं बघितलं नव्हतं.

पुढचं सगळं धाकटीला तुकड्यातुकड्यांत कळलं. दोघं संध्याकाळी फिरायला जातात. त्याचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, दोन बस बदलून जावं लागतं. त्यानं लग्नाचं विचारलंय. थोरलीनं काय उत्तर दिलं ते तिनं सांगितलं नाही आणि धाकटीनं विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची तिची छाती होत नव्हती. थोरली गेली तर ती दोन बस पलीकडे जाणार, आणि या तिसऱ्या मजल्यावर आपण एकटीच राहणार, एवढं तिला न सांगता कळत होतं. मग एका शुक्रवारी थोरली म्हणाली, "येत्या रविवारी त्यांना जेवायला बोलावलंय. चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" धाकटी म्हणाली. उचलली जीभ नि लावली टाळ्याला.

शनिवारची अख्खी रात्र ती कूस बदलत राहिली. कँटीनच्या नोकरीत एक गोष्ट तिला पुरती कळली होती. एकदा वाईट जेवलेला माणूस त्या टेबलावर परत बसत नाही. तोंडानं तक्रार करणार नाही, हसून "छान होतं" म्हणेल, पण परत बसणार नाही. आणि तसं झालं तर त्यात कुणाचं काय वाकडं होणार होतं? जेवण कधीकधी बिघडतं. सगळ्यांचंच बिघडतं.

रविवारी सकाळी मटण तांबूस झालं, कांदे-गाजरं आत पडली, घेवडा पडला. दहाच्या सुमाराला थोरली बाहेर पडली. केस कापून घ्यायचे होते, मग पाव घ्यायचा, मग बसथांब्यावर लिफ्टवाल्याला भेटून एक वाजता त्याला घेऊन यायचं, असा बेत. कोट घालताना तिनं आरशात बघितलं आणि कॉलर तीनदा नीट केली. जिन्यावरची पावलं विरली तशी धाकटीनं पातेल्याची बाटली पिठाच्या डब्यामागे ढकलली, बरणी उचलली आणि वाटीनं मोजून तीन वाट्या व्हिनेगर पातेल्यात ओतलं. चमचाभर पुरे होणारं, तीन वाट्या!

असा काही भपकारा आला म्हणता! तिनं डोळे पुसत खिडकी उघडली, तरी वास हटेना, म्हणून जिन्याकडचं दारही सताड उघडून ठेवलं. झाकण ठेवलं. खुर्चीवर बसली. मनाशी म्हणाली, झालं, आता काही करायचं नाही.

तासाभरानं झाकण उघडलं. आता बिघडवलेलंच होतं तर चव घेऊन बघायची काय गरज होती? पण हात सवयीनं चमच्याकडे गेला. जिभेला लागल्याबरोबर तिचे दात आंबले, मानेपर्यंत शिरशिरी गेली. आणि मटण बिचारं किती चांगलं होतं! खाटकानं तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं, मांड्यांचं, हाडाला धरून. त्या कालवणाकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. तिला लाज वाटली. लिफ्टवाल्याची नव्हे, थोरलीचीही नव्हे. पातेल्याची वाटली.

"मरो," ती मोठ्यानं म्हणाली, आणि उठली.

जित्याची खोड, दुसरं काय. आधी तिनं निम्मा रस काढून मोरीत ओतला. मग दुसऱ्या कढईत पाच मोठे कांदे उभे चिरून लोण्यात टाकले आणि पाऊण तास ढवळत राहिली, ते तपकिरी नि गोड होईपर्यंत. ते पातेल्यात गेले. मूठभर मनुका गेल्या. चमचाभर साखर गेली, मग अजून अर्धा चमचा. पिठाच्या डब्यामागची बाटली निघाली आणि तीही गेली. चव घेतली. अजून टोचत होतं. एक गाजर किसून टाकलं, हाडं फोडून मगज रसात मिसळला. पुन्हा चव. बाराचे साडेबारा झाले, पाठ घामानं भिजली, आणि आपण कोणाच्या विरुद्ध काय करायला बसलो होतो हे ती साफ विसरून गेली. पावणेएकला तिनं शेवटची चव घेतली आणि चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. असलं कालवण तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. आंबट होतं, पण आंबटपणा पुढे येत नव्हता. प्रत्येक घासाला मटणाला वर उचलून धरत होता.

मग तिला आठवलं, नि ती मटकन खुर्चीत बसली. करायला गेली काय आणि करून बसली काय!

एक वाजता दोघं आली. थोरलीचे केस कानापर्यंत कापलेले, गाल लाल. आत पाऊल टाकताच तिनं एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे, आणि पावाची पिशवी टेबलावर ठेवली. तिच्या मागून लिफ्टवाला आत आला. मोठे हात, बोटांच्या रेषांत कधीच न निघणारं ग्रीस, चष्मा नाकावर फक्कड बसलेला.

"तीन मजले चढलो," तो धापा टाकत म्हणाला. "आमच्या धंद्यातल्या लोकांना ही सवय नसते."

धाकटीला हसू आलं, ते तिनं दाबलं. थोरलीनं पेले काढले. माणसं दोनाची तीन झाली तसा एक कमी पडला, कारण तसले दोनच होते. तिनं स्वतःसाठी चहाचा कप घेतला. वाइन ओतली. लिफ्टवाल्यानं पेला फिरवला नाही, नाकाशी नेला नाही, सरळ मोठा घोट घेतला.

"काय वाटतं?" थोरलीनं विचारलं.

"मला त्यातलं कळत नाही," तो म्हणाला. "पण दुसरा घोट घ्यावासा वाटतोय."

"मग कळतं की," थोरली म्हणाली.

धाकटीनं वाढलं. त्यानं पावाचा तुकडा मोडला, रसात बुडवला, तोंडात टाकला आणि चावायचं थांबला. मग त्यानं डोळे मिटले, हळूहळू चावलं, गिळलं, आणि ताटावर असा काही वाकला की पुढची दहा मिनिटं त्याचं टक्कलच तेवढं दिसत होतं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा घेताना मात्र त्यानं थोरलीकडे परवानगीसाठी बघितलं.

"लिफ्ट बंद पडून आत माणूस अडकला ना," मध्येच तो सांगायला लागला, "की मी वरून त्याच्याशी बोलत राहतो, घाबरू नये म्हणून. पहिली पाच मिनिटं तो शिव्या देतो. मग बायकोला दोष देतो. आणि मग काय सांगतो माहीत आहे? घरी आज जेवायला काय केलंय ते. सगळे सांगतात. मोठे मोठे साहेब सांगतात." त्यानं पावानं ताट पुसलं. "आता मी अडकलो तर हे सांगेन. यात घातलंय काय हो? गोडही नाही, आंबटही नाही."

"व्हिनेगर," धाकटी म्हणाली. "थोडं."

थोरली कपातली वाइन पीत होती. ती कपातच बघत राहिली.

अडीचला तो उठला. रविवारी बस तासाला एकच. दारात बूट घालताना तो धाकटीला म्हणाला, "खूप वर्षांनी घरचं जेवलो. आभार मानायला शब्द येत नाहीत मला, राग मानू नका." मग थोरलीकडे वळला. "तुम्ही कळवाल ना?"

"कळवते," थोरली म्हणाली. त्याला सोडायला ती खाली गेली नाही.

दोघींनी भांडी घासायला घेतली. धाकटी घासायची, थोरली पुसायची, हे ठरलेलं. तिन्ही ताटं पुसून झाली.

"छोटे," थोरली म्हणाली, "मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. त्यांना सांगितलं होतं, आधी माझ्या बहिणीच्या हातचं जेवा. ती तुम्हाला कशी जेवू घालते, त्यावर माझं उत्तर."

धाकटीच्या हातातून चमचा पाण्यात पडला. "हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी तोंडदेखलं चांगलं केलं असतंस. मला तुझं मन कळलं नसतं." ती पेला उजेडात धरून पुसत होती, भिंगं बघते तसा. "दुसऱ्या मजल्यावरच वास आला मला. दहा वर्षं माझ्या हातानं भरलेली बरणी, तिचा वास मला कळणार नाही? म्हटलं, संपलं. छोटीचं उत्तर नाही आहे. जिना चढता चढता ठरवून टाकलं, जेवण झालं की त्यांना तसं सांगायचं. आणि मग तू वाढलंस ते... ते तर असं होतं. आता मला काहीच कळेना. बिघडवलंसही तूच, सुधारलंसही तूच. म्हणून विचारते. तुझं खरं काय आहे ते सांग. तू म्हणशील तसं."

खोटं बोलणं सोपं होतं. "सुखानं जा" म्हणून मिठी मारली असती तर काम झालं असतं. पण थोरलीशी खोटं बोलायची सवय तिला नव्हती, आणि सकाळपासूनच्या एका खोट्यानंच ती दमून गेली होती.

"नको जाऊस," धाकटी म्हणाली. "मला भीती वाटते, ताई. दोनशे माणसांना वाढून घरी यायचं नि घरात कुणी नसायचं. मी कोणासाठी शिजवू? मला नाही जमायचं. नको जाऊस."

"बरं," थोरली म्हणाली.

एवढंच. पेला फळीवर ठेवला, दुसरा घेतला. "संध्याकाळी फोन करून सांगते त्यांना. बसमध्ये असतील आता, गडबडीत नको."

धाकटी वाट बघत राहिली. थोरली चिडेल, निदान उसासा तरी टाकेल. ती काहीच करेना. तिनं ताटं रचली, पेल्यांची तोंडं एका दिशेला केली. आपल्याला हवं ते मिळालं होतं, आणि धाकटीच्या जिवाला आनंद म्हणून होईना. जिंकल्यासारखं तर मुळीच वाटेना.

"भांडणार पण नाहीस?"

"कशाला? मी विचारलं, तू खरं सांगितलंस."

धाकटीनं नळ बंद केला. का कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "मी लग्न करून गेले, ती दोन वर्षं तू काय करायचीस गं?"

"काय करणार? कामावर जायची."

"जेवायचीस काय?"

"अंडी उकडायची. पाव असायचा." थोरली विचार करायला लागली, खूप जुनं काही शोधावं तशी. "कधी ते डब्यातलं सूप."

"आणि रविवारी?"

"रविवारी पण तेच. एकटीला बाटली उघडायला नको वाटायचं. त्या दोन वर्षांत आणलीच नाही मी."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस," थोरली म्हणाली. बोलण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं. चोवीस वर्षं.

धाकटी ओले हात घेऊन तशीच निघाली. "अगं, चाललीस कुठं?" थोरली म्हणाली, पण ती जिन्यावर पोचलीही होती. घरातल्या सपाता, पोटावर एप्रन, कोपरापर्यंत साबण. तिसरा मजला, दुसरा मजला, तिथं अजून व्हिनेगर दरवळत होतं, आणि मग रस्ता.

लिफ्टवाला बसथांब्याच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसला होता. तिला बघून घाबरून उभा राहिला. "काय झालं? त्यांना काही..."

"ताईचं हो आहे," धाकटी म्हणाली.

त्याचा चेहरा आधी उजळला. मग त्यानं तिचे हात बघितले, सपाता बघितल्या. "त्या म्हणाल्या तसं?"

"नाही. ती नाही म्हणणार आहे. माझ्यासाठी. म्हणून मी सांगतेय."

तो परत बाकावर बसला. "मग मी ते धरणार नाही," तो म्हणाला. "तुमचा मान ठेवून सांगतो. हो म्हणायचं असेल तर त्याच म्हणतील."

धाकटीला त्याचा राग आला आणि तो आवडलाही, दोन्ही एकाच वेळी. ती काही बोलणार, तेवढ्यात मागून सपसप पावलं आली. थोरली. भांडी पुसायचं फडकं खांद्यावर, नवे कापलेले केस सगळे उडालेले.

"वेडी आहेस का तू?" ती धापा टाकत म्हणाली. "हात तरी पुसायचे."

"ताई, थांब. वर म्हटलं ते खरंच होतं. मला भीती वाटते, आणि तू गेलीस तरी वाटतच राहणार. ती माझी मी बघेन. पण तुला काय हवंय, ते मी एकदाही विचारलं नाही. आता विचारते. तुला जायचंय का?"

थोरलीनं लिफ्टवाल्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता, उत्तराच्या वाटेत येऊ नये म्हणून. तिनं फडकं खांद्यावरून काढलं, घडी केली, उलगडलं, परत घडी केली.

"दर रविवारी येईनच ना मी," ती म्हणाली. "म्हणजे तुला जर..."

"ते नाही विचारलं. तुला जायचंय का?"

"हो," थोरली म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "हो गं. मला खूप जायचंय." आणि भर रस्त्यात, भर दुपारी, फडकं तोंडाशी धरून ती रडायला लागली. तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं धाकटीनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. तिला वाटलं होतं की हे ऐकून आपला जीवच जाईल. जीव काही गेला नाही. तिनं साबणाच्या हातांनीच थोरलीला जवळ घेतलं.

बस आली, थांबली. लिफ्टवाला चढत नाही असं बघून निघून गेली.